सुईबाईंच्या नावाचा किडा

सुईबाईंना संग्रहालयात खऱ्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. त्यांचं खरं नाव दोनच ठिकाणी सापडायचं, एक हजेरीपटावर आणि दुसरं एका किड्यावर. हजेरीपट दरवर्षी नवा यायचा. किडा मात्र तोच होता, आणि त्याला मरून पंचवीस कोटी वर्षं झाली होती.

आता हा किडा कोण, ते आधी सांगायला हवं. भुंगे हा किड्यांचा एक गण, माश्या हा दुसरा, फुलपाखरं हा तिसरा. असाच आणखी एक अख्खा गण कधीकाळी पृथ्वीवर मजेत नांदत होता. चार पंख, तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठं अंग, ना नांगी ना डंख. आले, उडाले, आणि एक दिवस मागे वारस न ठेवता सगळेच्या सगळे गेले. राहिले ते दगडात उमटलेले पंख. डोकी आणि पाय क्वचितच मिळायचे, कारण मऊ भाग कुजून गेलेला. शास्त्रज्ञांनी या गणाला एवढं लांब नाव दिलं होतं की उच्चारताना मध्ये श्वास घ्यावा लागे. सुईबाई त्यांना ‘बारके’ म्हणत. हे दगड जिथे ठेवलेले असत त्या संग्रहालयाच्या तळघरात सगळे तेच म्हणत, फक्त डॉक्टरसाहेबांसमोर नाही.

डॉक्टरसाहेब म्हणजे औषधं देणारे नव्हेत, किड्यांचे. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, आणि सगळी हयात माशीहूनही लहान किड्यांत घालवलेली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, तरी दर गुरुवारी अकराच्या ठोक्याला ते तळघरात हजर व्हायचे आणि खुर्ची कोणी हलवली म्हणून आधी कुरकुर करायचे. सुईबाईंना नोकरीवर घेतलं तेही त्यांनीच, एकतीस वर्षांपूर्वी.

तेव्हा सुईबाई एका लाँड्रीत रफूचं काम करत होत्या. कोटाला पडलेलं भोक असं बुजवायच्या की कोटाच्या मालकालाही ते शोधावं लागे. ‘बारीक कामाचा हात हवा’ अशी पाटी संग्रहालयाच्या दारावर दिसली आणि त्या आत शिरल्या. आत सहा उमेदवार. डॉक्टरसाहेबांनी प्रत्येकासमोर खसखस लावलेला एक पाव आणि एक सुई ठेवली. पावाला भोक न पाडता सगळी खसखस काढायची, एवढीच परीक्षा. चौघांनी पावाची चाळण केली, एक उठून गेला. सुईबाईंनी पाऊण तासात खसखस कागदावर दहा-दहाच्या रांगांत लावली आणि मग शांतपणे पाव खाल्ला.

“तो नमुना होता,” डॉक्टरसाहेब म्हणाले.

“नमुना कागदावर आहे, साहेब. हा उरलेला होता.”

दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर रुजू झाल्या.

काम असं. दगड फोडला की पंखाची कड दिसायची. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि पंखावरची माती सुईनं कणाकणानं उचलायची. एका पंखाला दहा-बारा दिवस. साफ झाला की त्यावर बारीक ब्रशानं पातळ लाखेचा हात फिरवायचा, म्हणजे तो दगडावरून सुटत नाही. मग शाईनं नंबर घालायचा, नाव, गण, स्थळ लिहिलेली चिठ्ठी जोडायची आणि खणात ठेवायचा. या नंबराचं मोठं प्रस्थ होतं. एकदा नंबर पडला की ती वस्तू फेकायची नाही, हा संग्रहालयाचा पहिला नियम. फार पूर्वी एका कारकुनानं गडबडीत टेबलावरच्या पेपरवेटलाच नंबर घातला होता. तो पेपरवेट तेव्हापासून कोपऱ्यातल्या कपाटात, खालून दुसऱ्या खणात, कापसावर निजलेला होता. दर पाच वर्षांनी मोजणी व्हायची तेव्हा त्याचीही नोंद व्हायची, स्थिती उत्तम म्हणून.

सुईबाईंचे हात जितके शहाणे, तितकाच त्यांचा स्वभाव खट्याळ. डॉक्टरसाहेबांना भाषणाची भारी हौस. कोणी पाहुणा आला की ते बारक्यांच्या पंखांवर सुरू व्हायचे आणि पाहुणा एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागायचा. वीस मिनिटं झाली की सुईबाईंच्या टेबलावरचं कापसाच्या डब्याचं झाकण फरशीवर पडायचं. ठण्ण असा आवाज व्हायचा, साहेबांचा धागा तुटायचा, पाहुणा सुटायचा. “या डब्याचं झाकण सैल आहे,” असं म्हणत साहेबांनी आजवर तीन वेळा डबा बदलून दिला होता. तिन्ही डब्यांची झाकणं सैल निघाली.

तर या किड्याची गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. सुईबाईंनी साफ केलेला एक पंख डॉक्टरसाहेबांनी पाहिला, उठून उभे राहिले, बसले, पुन्हा उठले. पंखाच्या मधोमध एक तिरकी शीर होती. बारक्यांच्या तोवर सात जाती ठाऊक होत्या आणि सातांपैकी एकीलाही अशी शीर नव्हती. म्हणजे ही आठवी. चार महिन्यांनी त्यांचा लेख छापून आला. तो सुईबाईंच्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, “छपाईची चूक आहे का बघा जरा.” पहिल्याच ओळीत, शेवटी लॅटिनची शेपटी लावलेलं, सुईबाईंचं नाव होतं. आठवी जात त्यांच्या नावाची झाली होती. सुईबाई मागच्या खोलीत जाऊन पोटभर रडल्या. मग तोंड धुऊन बाहेर आल्या आणि काहीच कारण नसताना त्यांनी झाकण पाडलं.

घरी सासूबाईंनी ऐकलं आणि नाक मुरडलं. “नाव द्यायचं तर लोक गुलाबाला देतात. हिचं दिलं किड्याला.” पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी लेखाचं ते पान चौकटीत घालून आणलं आणि दारासमोरच्या भिंतीवर लावलं, म्हणजे आलेल्या माणसाला चुकवता येऊ नये. शेजारणीच्या सुनेनं गाडी घेतली तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, “गाडी काय, कोणीही घेतं. तुमच्या घरात कोणाच्या नावाचा किडा आहे का?” शेजारीण त्यानंतर दोन महिने बोलली नव्हती.

सगळं असं छान चाललेलं असताना, सुईबाईंच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते, तेव्हा तळघरात नवा सूक्ष्मदर्शक आला. जुन्यात उजेड वरून पडायचा, यात बाजूनं पडत होता. सुईबाईंनी पहिला कोणता दगड त्याखाली धरला असेल ते सांगायला नको. चारचौघांच्या फोटोत आधी स्वतःला बघणार नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय.

तिरक्या शिरेला सावली होती.

बाकीच्या शिरा दगडात रुतलेल्या होत्या, त्यांची सावली पडायचं कारण नव्हतं. ही शीर वर होती, लाखेत. एक टोक जाड, त्याला इवलीशी गाठ. दुसरं टोक निमुळतं. जिचा जन्म दोऱ्यांत आणि ब्रशाच्या केसांत गेला त्या बाईला आणखी काय सांगायचं. त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातली सगळ्यांत आखूड पापणी उपटली आणि पंखाशेजारी ठेवली. दोन्ही सारख्या. फरक एकच, ती काळी होती आणि ही पिकलेली.

मग त्यांना तो आठवडाच आठवला. डोळे आले होते. लाल, चिकट, सारखे चोळावेसे वाटणारे. घरी बसायला हवं होतं, पण डॉक्टरसाहेब डोक्यावर बसले होते. ओल्या लाखेवर ओणवं होऊन त्यांनी डोळा चोळला असणार, आणि मग लाख वाळली. त्यांच्या नावाचा किडा ज्या एका शिरेवर उभा होता, ती शीर म्हणजे त्यांचीच पापणी होती.

घरी त्यांनी हे फक्त नवऱ्याला सांगितलं. नवरा घड्याळजी, घरातच खिडकीशी टेबल मांडून घड्याळं दुरुस्त करायचा. त्यानं डोळ्याचं भिंग न काढता सगळं ऐकून घेतलं.

“घड्याळात केस अडकला की घड्याळ थांबतं,” तो म्हणाला. “तुझं बावीस वर्षं केसावरच चाललंय.”

“थट्टा सुचतेय तुम्हाला. काय करू सांगा.”

“सांगून टाक. साहेब काय खाणार आहेत का तुला?”

“बरं. मी साहेबांना सांगते. आईंना तुम्ही सांगता?”

घड्याळजीनं भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं, आतल्या खोलीत कूस बदलणाऱ्या आईचा कानोसा घेतला आणि पुन्हा घड्याळात डोकं घातलं. “तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे,” तो हळूच म्हणाला.

तेवढेही मिळाले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. दुसऱ्या शहरातली एक संशोधक मुलगी आठवी जात बघायला गुरुवारी येणार होती. तिला नव्या सूक्ष्मदर्शकाखालून फोटो हवे होते. सुईबाईंनी पत्र दोनदा वाचलं. बुधवारी सगळे गेल्यावर त्यांनी तो दगड त्याच्या खणातून काढला आणि पेपरवेटशेजारी कापसावर ठेवून दिला. त्या खणात पुढच्या मोजणीपर्यंत कोणी हात घालणार नव्हतं.

गुरुवारी अकराला डॉक्टरसाहेब आले, ते नवा शर्ट घालून. मागोमाग पाहुणी आली. काडीसारखी पोर, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी, रात्रभर प्रवास करून डोळे लाल झालेले. तिनं साहेबांना नमस्कार केला आणि सरळ सुईबाईंपुढे येऊन उभी राहिली.

“तुम्हीच ना त्या?” ती म्हणाली. “मला आधी तुम्हाला बघायचं होतं. किडा मग.”

सुईबाईंनी खुर्ची पुढे केली.

मुलीनं वही काढली. त्यात आठव्या जातीची तिरकी शीर पानापानावर काढलेली होती. अशीच शीर आजच्या काही जिवंत किड्यांच्या पंखात असते, ती सांगू लागली. म्हणजे बारके वारस न ठेवता गेलेच नाहीत, त्यांचे वंशज अजून आपल्या दिव्यांभोवती उडत असतील. हे सिद्ध करायला चार वर्षं लागतील. सात महिन्यांपूर्वी तिनं त्यासाठी नोकरी सोडली होती. घरचे बोलत नव्हते. “पण शीर आहे म्हटल्यावर मला कशाचीच भीती नाही,” ती म्हणाली.

डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. आयुष्यभर ते ज्या कुळाची उत्तरक्रिया करत बसले होते, त्याला वारस असल्याचं कोणी प्रथमच सांगत होतं. “बाई, आठव्या जातीचा दगड काढा,” ते म्हणाले.

सुईबाईंनी खण उघडला. “जागेवर दिसत नाही, साहेब.”

मग शोधाशोध सुरू झाली. साहेब एकेक खण स्वतः उघडू लागले. कुरकुर नाही, ओरडणं नाही, आणि त्याचंच सुईबाईंना जास्त लागलं. खरं तर सुईबाईंचं सगळं सुखरूप होतं. दगड हरवला तर शीर कोणीच तपासू शकणार नव्हतं. चित्र छापलेलं होतं, नाव छापलेलं होतं, हरवलेल्या किड्याचं नाव कोणी काढून घेत नाही. आणखी दहा मिनिटं तोंड मिटून बसलं की झालं. त्यांनी तोंड मिटलं.

मुलगी टॉर्च घेऊन कपाटाखाली वाकून बघत होती. ती उठली, एका उघड्या खणावर ओणवी झाली आणि तिनं बोटानं खसाखसा डोळा चोळला.

“डोळा चोळू नका,” सुईबाई केवढ्यांदा ओरडल्या. “नमुन्यांवर वाकून डोळा चोळायचा नसतो.”

दोघंही त्यांच्याकडे बघत राहिले. एकतीस वर्षांत सुईबाई तळघरात ओरडल्या नव्हत्या. आता मागे फिरणं नव्हतं. त्या उठल्या, कोपऱ्यातल्या कपाटाशी गेल्या आणि खालून दुसऱ्या खणातून त्यांनी दगड काढून आणला.

“पेपरवेटच्या खणात कसा गेला?” साहेबांनी विचारलं.

“मी ठेवला.”

त्यांनी दगड सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मुलीला बघायला सांगितलं. मग साहेबांना. साहेब खूप वेळ बघत होते. त्यांची मान भिंगावरून वर आली तेव्हा चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. सुईबाईंनी ब्रशाच्या टोकानं लाख विरघळवणारा एक थेंब शिरेवर सोडला, मनात साठ आकडे मोजले, आणि सुईनं ती तिरकी शीर अलगद उचलून पांढऱ्या कागदावर ठेवली. पंखावर तिच्याखाली काहीही नव्हतं. बारक्यांची आठवी जात पंचवीस कोटी वर्षांपूर्वी एकदा संपली होती, ती त्या गुरुवारी साडेबारा वाजता पुन्हा संपली.

“माझी पापणी आहे, साहेब,” सुईबाई म्हणाल्या. आणि एकदा बांध फुटल्यावर त्यांना थांबता येईना. डोळे आले होते ते, लाख ओली होती ते, नवा सूक्ष्मदर्शक, तीन महिने, सासूबाई, भिंतीवरची चौकट, सगळं बाहेर आलं. मी फसवलं नाही हो मुद्दाम, पण कळल्यावर लपवलं, ते मुद्दाम. तुमचं नाव गेलं, या पोरीचं काम गेलं, मी आपली माझ्या नावाला कवटाळून बसले. त्या बोलत होत्या, रडत होत्या, पुन्हा पहिल्यापासून सांगत होत्या.

ठण्ण.

कापसाच्या डब्याचं झाकण फरशीवर गोल गोल फिरत होतं. ते डॉक्टरसाहेबांच्या हातून पडलं होतं.

“वीस मिनिटं झाली,” साहेब म्हणाले. “तुमचाच नियम आहे ना?”

सुईबाईंचं रडणं जागच्या जागी थांबलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या डब्यापासून. झाकण सैल नसतं एवढं मला कळतं. शीर आणि पापणी मात्र कळली नाही.” ते खुर्चीत बसले. एकदम फार म्हातारे दिसत होते. “आठ जातींचा माणूस म्हणून मिरवलो बावीस वर्षं. सातच होत्या.” मग ते मुलीकडे वळले. “पोरी, तुझं नुकसान झालं.”

मुलगी कागदावरच्या पापणीकडे बघत होती. तिचाही चेहरा पडला होता. “सात महिने गेले,” ती म्हणाली. “पण पुढची चार वर्षं गेली असती.” ती सुईबाईंकडे बघून कसनुसं हसली. “मी खरंच डोळा चोळणार नाही यापुढे.”

चुकीची दुरुस्ती छापायला हवी होती. ती सुईबाईंनीच लिहायची आणि खाली नावही त्यांचंच, साहेबांनी बजावलं. मी नाही लिहिणार, मला लाज वाटते, हेही ते म्हणाले, आणि त्यांनी ते इतकं सरळ सांगितलं की सुईबाईंना नाही म्हणता येईना.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना सुईबाईंनी संध्याकाळी स्वतःच सांगितलं, कारण घड्याळजीला नेमकं त्याच वेळी एका घड्याळाचं फार अर्जंट काम निघालं होतं. सासूबाईंनी सगळं ऐकलं. भिंतीवरच्या चौकटीकडे बराच वेळ पाहिलं.

“म्हणजे आता किडा नाही?”

“नाही, आई.”

“आणि बावीस वर्षं त्या शिकल्यासवरल्या लोकांना तुझी पापणी ओळखू आली नाही?”

“नाही.”

“एकालाही?”

“एकालाही नाही.”

सासूबाई उठल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात त्यांचा आवाज ऐकू आला. “अहो, किड्याचं काय घेऊन बसलात. आमच्या सुनेच्या एका पापणीनं देशोदेशीचे शास्त्रज्ञ बावीस वर्षं कामाला लावले. आहे का तुमच्याकडे अशी पापणी?” चौकट भिंतीवर तशीच राहिली. दुरुस्ती छापून आली की तीही शेजारी लावायची, म्हणून त्यांनी खिळा आधीच मारून ठेवला.

सुईबाईंच्या शेवटच्या दिवशी निरोपाचा चहा झाला, भाषण झालं. झाकण एकदाही पडलं नाही, त्यामुळे साहेब चाळीस मिनिटं बोलले. मग सगळे वर गेले आणि ते दोघंच तळघरात राहिले. साहेबांनी खिशातून एक छोटी काचेची कुपी काढली. आत ती काळी पापणी होती.

“नंबर पडलेल्या दगडावरची आहे. फेकता येणार नाही,” ते म्हणाले. “चिठ्ठी लिहा.”

सुईबाई टेबलाशी बसल्या. एकतीस वर्षांत त्यांनी अशा हजारभर चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, पण या वेळी पेन थोडा वेळ कागदावर नुसतंच टेकून राहिलं. मग त्यांनी लिहिलं. नाव या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव, लॅटिनच्या शेपटीशिवाय. गण, माणूस. स्थळ, तळघर, खिडकीकडचं टेबल. काळ, चालू. शेरा, एक पापणी फक्त. बाकीचा नमुना आज पाच वाजता घरी गेला.

डॉक्टरसाहेबांनी चिठ्ठी वाचली आणि पुन्हा एकदा वाचली. शेरा फार लांबलाय, असं पुटपुटत त्यांनी दौत पुढे ओढली आणि कुपीवर शाईनं नंबर घातला.